मराठी मातीतले चाळीस दिवस

आमच्या धाराशिवकडे उपासांना तोटा नाही. एकादश्या आहेत, महाशिवरात्र आहे, तुळजापूरच्या भवानीचे नवरात्र आहे, मुसलमान शेजाऱ्यांचे महिनाभराचे रोजे आहेत. शिवाय मुलूख दुष्काळी. तेव्हा धरलेल्या उपासांच्या जोडीला घडलेले उपासही पुष्कळ. या गर्दीत आणखी एक उपासकाळ दरसाल माघ-फाल्गुनाच्या सुमारास येतो आणि वसंत फुलता फुलता संपतो. त्याची मात्र आपल्यापैकी फारशा कुणाला गंधवार्ता नसते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ‘गुड फ्रायडे’ छापलेला असतो. त्या दिवशी सुट्टी मिळते, एवढीच त्याची आपली ओळख. त्यापुढचा ‘ईस्टर’ रविवारीच येत असल्यामुळे तेवढीही ओळख होत नाही. हल्ली तर मोबाइलवरून गुड फ्रायडेच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ धाडणारे सज्जन भेटतात. ज्या दिवशी ख्रिस्ताला क्रुसावर खिळले त्या दिवसाच्या शुभेच्छा! पाठवणाराचे मन निर्मळ असते यात शंका नाही, पण शेजाऱ्याच्या घरी सुतक असताना आपण पेढे घेऊन जावे, तशातला हा प्रकार होतो.

आणि हे शेजारी कालपरवाचे नव्हेत. वसईच्या वाडीत केळी-पानवेली लावणारे, हरेगावच्या यात्रेत ‘मतमाउली’चा जयघोष करणारे, मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत चार-दोन घरांनी राहणारे हे कॅथॉलिक लोक आपलीच मराठी बोलतात. त्यांचा हा चाळीस दिवसांचा उपासकाळ काय आहे, आणि त्याचे आपल्या भाषेशी नाते कसे जडले, ते आज सांगावयाचे आहे. मी काही धर्मशास्त्राचा जाणकार नाही. मराठी शिकवतो. पण मराठी शिकवणाऱ्याची वाट या उपासकाळावरून गेल्यावाचून राहत नाही, हे पुढे दिसेलच.

चंद्राचा हिशेब

पहिली गंमत तिथीची. नाताळ पंचवीस डिसेंबर सोडून हलत नाही, मग ईस्टर दरवर्षी का हलतो? कारण तो चंद्राचा सण आहे. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा चर्चचा नियम. ही पौर्णिमाही चर्चने आपल्या कोष्टकांनी ठरवलेली असते, आणि ती आपल्या पंचांगाच्या पौर्णिमेजवळच येते. त्यामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाही. आपले सणही चंद्राचेच, म्हणून या दोन पंचांगांची वरचेवर गाठ पडते. २०२४ साली आपली होळी पेटली २४ मार्चला, आणि त्याच दिवशी ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा सुरू झाला. २०२५ साली १२ एप्रिलला चैत्री पौर्णिमा होती. तुळजापूरची वाट आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीचा डोंगर माणसांनी फुलला होता, आणि दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये झावळ्यांचा रविवार होता. याच चैत्राच्या वद्य त्रयोदशीला तेरला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते. एकाच चांदण्यात केवढे तरी लोक आपापल्या वाटेने चाललेले असतात!

ईस्टरच्या आधीचे सेहेचाळीस दिवस मागे मोजत गेले की एक बुधवार लागतो. तो राखेचा बुधवार. या सेहेचाळीस दिवसांत सहा रविवार येतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार, तेव्हा त्या दिवशी उपास नाही. ते वजा केले म्हणजे उरतात चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस अन्नावाचून काढले, त्याची ही आठवण. इंग्रजीत याला ‘लेंट’ म्हणतात. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळ किंवा उपवासकाळ.

राख आणि माती

राखेच्या बुधवारी धर्मगुरू भाविकाच्या कपाळावर राखेने क्रुसाची खूण करतो. ही राख येते कोठून? मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या हिरव्या झावळ्या हाती धरून लोक जयजयकार करीत मिरवले, त्याच वाळल्यावर जाळून ती केलेली असते. कालचा जयजयकार आजची राख होतो, हे सांगावयास निराळे प्रवचन नको. राख लावताना माणसाला आठवण करून दिली जाते की तू मातीचा आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस.

हे वाक्य आमच्या जिल्ह्यात परके वाटावयाचे कारण नाही. तेरचे गोरोबाकाका कुंभार होते. भजनात देहभान हरपून माती तुडवताना पोटचे पोर पायाखाली गेले, ही त्यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. आणि संतमंडळी जमली असता थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, याची त्यांनी केलेली परीक्षाही ठाऊक आहे. प्रायश्चित्तकाळ म्हणजे अशी थापटणी स्वतःच्या डोक्यावर स्वतःच मारून पाहण्याचे दिवस होत.

नियम पाहू गेले तर फार कडक नाहीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या धडधाकट माणसाने एकच पोटभर जेवण घ्यावे, बाकी दोन वेळा थोडेसे काही खावे. या दोन दिवशी, आणि या काळातल्या प्रत्येक शुक्रवारी, चौदा वर्षांवरील माणसाने मांस वर्ज्य करावे. एवढे सक्तीचे. पुष्कळ लोक त्यापुढे जाऊन आपल्या मनाने एखादी वस्तू सोडतात. कुणी चहा, कुणी तंबाखू, कुणी दारू, कुणी चाळीसही दिवस मांसाहार. या दिवसांत लग्नाचे बार उडवणे टाळतात. चर्चमध्ये जांभळा रंग येतो, वेदीवर फुलांची आरास नसते, आणि ‘आलेलुया’ हा आनंदाचा उद्गार उपासनेतून चाळीस दिवस अजिबात काढून टाकलेला असतो. पोटाइतकाच जिभेलाही उपास!

पण उपास हा या व्रताचा तिसरा हिस्सा झाला. प्रार्थना, उपास आणि दानधर्म अशी त्रयी आहे, आणि एकावाचून दुसरे लंगडे मानतात. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय या दिवसांत वाचला जातो. त्याचा आशय असा की उपास करून भांडणार असाल, मजुरांना राबवून घेणार असाल, तर तो उपास देवाला नको. जखडलेल्याचे पाश सोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, उघड्याला पांघरूण घाला, हाच त्याला रुचणारा उपास. आमच्या भागात हा अध्याय वाचताना मन चरकते. ज्या महिन्यांत हा काळ येतो त्याच महिन्यांत या जिल्ह्यातली आणि शेजारच्या बीडची माणसे बिऱ्हाडे पाठीवर टाकून ऊसतोडीला गेलेली असतात. पाचटाच्या कोपीत राहून पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या बाईला कुणी उपासाचे महत्त्व काय सांगावे! चर्चही ते सांगत नाही. आजारी, गरोदर, अंगमेहनतीची कामे करणारे यांना उपासातून सूट आहे. घडलेल्या उपासाचे पुण्य कुणी मोजीत नाही, म्हणून ज्याला उपास धरण्याची चैन परवडते त्याने वाचलेला घास त्या कोपीपर्यंत पोचवला पाहिजे. हे कलम काढून टाकले तर उरेल ते केवळ पथ्य.

पुराण मागणारा माणूस

आता भाषेकडे वळू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या साष्टी भागात पोर्तुगीज सत्तेखाली हजारो लोक ख्रिस्ती झाले होते. देवळे गेली, जुन्या पोथ्या गेल्या. पोथी गेली म्हणजे काय जाते, हे पोथीवर वाढलेल्या माणसालाच कळते. संध्याकाळ रिकामी होते. त्या काळात थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री तेथे होता. तो १५७९ सालच्या ऑक्टोबरात गोव्यास आला आणि १६१९ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने त्याला विचारले की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? हा प्रसंग स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. प्रश्न साधा आहे आणि त्यात दुखावलेपणही आहे. सत्तेने घेतलेल्या वस्तूचा हिशेब त्यात मागितला आहे.

त्या मागणीतून ‘क्रिस्तपुराण’ जन्मले. १६१६ साली राशोलला ते प्रथम छापले गेले, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुणाच्या हाती नाही. साडेदहा हजारांहून अधिक ओव्या, ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र, यातनाभोग आणि पुनरुत्थान. ओवी ज्ञानोबा-एकनाथांच्या वळणाची, आणि शब्दही आपलेच. स्वर्गाला वैकुंठ, तारणाला मोक्ष. मराठीची जी स्तुती या परदेशी माणसाने आरंभी गायिली आहे, तिचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टाळता येत नाही. वर्गात ती शिकवताना माझा अनुभव असा की, कवीचे नाव आधी न सांगता ओव्या वाचल्या तर विद्यार्थी कोणत्या तरी संतकवीचे नाव घेतात. मग खरे नाव सांगितले की वर्ग क्षणभर गप्प होतो.

हे पुराण गोव्याच्या चर्चमधून वाचले जाई. इकडे उत्तर कोकणात फ्रान्सिस्कु व्हास द गिमारायंश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने ख्रिस्ताच्या यातनांवरच एक स्वतंत्र पुराण रचले. ते १६५९ साली लिस्बनला छापले गेले. त्याची भाषा मुंबई-साष्टीच्या बोलीला जवळची. प्रायश्चित्तकाळात त्याचे गायन त्या भागातल्या ख्रिस्ती घरांतून होत असे. श्रावणात आपण हरिविजय लावावा, तसे हे.

आणि मग १६८४ साल उजाडले. गोव्याच्या व्हाइसरॉयने, काउंट आल्व्होरने, त्या वर्षीच्या जूनमध्ये हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावयास लागावे. पुराण मागणाऱ्याला पुराण मिळाले, आणि पुढे त्याच्या नातवंडांच्या जिभेवरच घाला आला. तरी पण भाषा हुकमाने मरत नाही. क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती घरोघरी उतरवल्या गेल्या, मंगळूरपर्यंत गेल्या. टिपू सुलतानाने १७८४ साली मंगळूरकडचे ख्रिस्ती श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, तेव्हा त्या बंदिवासात त्यांनी याच ओव्यांचा आधार घेतला असे सांगतात. मंगळूरलाच १९०७ साली सलढाणा यांनी जुन्या प्रतींवरून ग्रंथ पुन्हा छापला, आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. आपले पुराण आपल्या लिपीत छापलेले दिसावयास तीनशे चाळीस वर्षे लागली.

मौजेची गोष्ट अशी की, या सगळ्या काळात चर्चमधली मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमध्येच चालत असे. वसईचा वाडवळ किंवा सामवेदी शेतकरी घरी आपल्या बोलीत रडे, आपल्या बोलीत गाई, आणि वेदीसमोर मात्र न कळणारी भाषा ऐके. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना दार उघडले. त्यानंतर मिस्सा मराठीत आली. माझ्या वयाच्या ख्रिस्ती माणसाला मराठीतली उपासना जन्मापासूनची वाटते, पण त्याच्या आजीने अर्धे आयुष्य लॅटिन ऐकण्यात घालवलेले असते.

क्रुसाची वाट

प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ म्हणतात. येशूला मृत्युदंड झाला तेथपासून त्याला कबरीत ठेवले तेथपर्यंत चौदा मुक्काम. प्रत्येक मुक्कामापाशी थांबावयाचे, प्रार्थना करावयाची, पुढे जावयाचे. चालत चालत केलेले हे चिंतन वारकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. यातला ‘क्रूस’ हा शब्द पोर्तुगीज. आपल्या नाश्त्याचा ‘पाव’, डिसेंबरातला ‘नाताळ’ आणि खुद्द ‘पाद्री’ हेही त्याच गलबतातून उतरले. शब्द उतरले ते येथलेच झाले.

शेवटचा आठवडा पवित्र. झावळ्यांच्या रविवारी वसईत नारळाच्या झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. येशू यरुशलेमात शिरला तेव्हा लोकांनी फांद्या पसरल्या होत्या, त्याची ही आठवण. गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा होते. तीत धर्मगुरू गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतो. पूर्वी हे बाराही पुरुषच असत. २०१६ सालापासून पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने स्त्रियाही बसू लागल्या. त्या रात्रीनंतर घंटा वाजत नाही. तिच्याऐवजी लाकडी टाळ वाजवण्याची रीत आहे. वेदीवरचे वस्त्र काढून घेतात, आणि घरातला माणूस गेल्यावर जशी ओसरी दिसते, तसे चर्च दिसू लागते.

शुक्रवारी मिस्सा होतच नाही. वर्षात त्या दिवशी ती नसते. दुपारी तीनच्या सुमारास यातनाभोगाचे वाचन होते, लोक एकेक करून क्रुसाचे चुंबन घेतात आणि काही न बोलता घरी जातात. म्हणून म्हणतो, वाचकहो, त्या दिवशी शुभेच्छा देऊ नये. भेटलाच कुणी तर नुसता हात हातात घ्यावा. शुभेच्छा राखून ठेवाव्यात रविवारसाठी.

गोरोबाकाकांच्या नगरीत

या सगळ्याचा धाराशिवशी संबंध काय, असे कुणी विचारील. तो संबंध २०२० सालच्या जानेवारीत जडला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन १० ते १२ जानेवारीला येथे भरले. गावाचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. धाराशिव हे नाव अधिकृतपणे २०२३ साली आले. संमेलनस्थळाला नाव होते संत गोरोबाकाका साहित्यनगरी, उद्घाटक होते ना. धों. महानोर, आणि अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

फादर दिब्रिटो वसईजवळच्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकपद त्यांनी १९८३ पासून चोवीस वर्षे सांभाळले. वसईची हिरवी वाडी वाचवण्यासाठी ते धाकदपटशाला न भिता रस्त्यावर उतरले. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या अनुवादाला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी निवड जाहीर झाली तेव्हा काही मंडळींनी हरकत घेतली. एका पाद्र्याने मराठीच्या या आसनावर का बसावे, असा तो सूर होता. उद्घाटनाला जाऊ नये म्हणून महानोरांवरही दडपण आणले गेले. महानोर आले, फादरही आले, आणि मराठवाड्याच्या श्रोत्यांनी मांडव भरून टाकला.

या विरोधाचा मला राग आला होता, पण त्याहून आश्चर्य वाटले. क्रिस्तपुराण छापले गेले १६१६ साली. तेव्हा तुकाराम महाराज लहान होते आणि शिवाजी महाराजांचा जन्म व्हावयाचा होता. इतक्या जुन्या मराठीच्या वारसदाराला चारशे वर्षांनंतर घराच्या दारात उभे करून नाव-गाव विचारले जात होते. एकेकाळी एका ब्राह्मणाने पाद्र्यापाशी मराठी पुराण मागितले; आता पाद्र्याने आपले मराठीपण सिद्ध करावे अशी मागणी झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉयला वाटले होते की ख्रिस्ती माणसाने मराठी-कोंकणी बोलू नये. त्याचा हुकूम आपण वेगळ्या तोंडाने पुन्हा वाचावा, यासारखी शोकांतिका नाही.

त्या संमेलनानंतर दीड-दोन महिन्यांनी, २६ फेब्रुवारीला, त्या वर्षीचा राखेचा बुधवार आला. महिनाभरात टाळेबंदी आली. ८ एप्रिलच्या चैत्री पौर्णिमेला तुळजापूरचे महाद्वार बंद होते, आणि १२ एप्रिलच्या ईस्टरला वसईच्या चर्चचे दरवाजे बंद होते. त्या चैत्रात साऱ्यांनाच उपास घडला. प्रत्येक जण घरात बसून आपल्या देवाशी आपल्या भाषेत बोलत होता. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी नंदाखालला निवर्तले.

नवा अग्नी

शनिवारी दिवसभर चर्च सुने असते. रात्री सगळे दिवे मालवून लोक अंगणात जमतात. तेथे नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या सालाचे चार आकडे कोरलेले असतात. ती घेऊन धर्मगुरू काळोख्या चर्चमध्ये शिरतो. त्या ज्योतीवर एक जण आपली मेणबत्ती लावतो, त्याच्यावरून शेजारचा लावतो, आणि बघता बघता सगळी वास्तू उजळते. पूर्वी कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकत असत आणि काळोखावाचून उजेडाची शोभा जात असे. १९५१ पासून प्रयोग म्हणून, आणि १९५६ पासून सर्वत्र, तो पुन्हा रात्री आणला. मग सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची वाचने होतात, दोन दिवस मुकी असलेली घंटा वाजते, आणि चाळीस दिवस गिळून ठेवलेला ‘आलेलुया’ कंठातून मोकळा होतो. पुढे पन्नास दिवस आनंदाचा काळ. उपास चाळीस दिवसांचा आणि आनंद पन्नास दिवसांचा, हा हिशेब मला फार आवडतो.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघरी पणत्या लागलेल्या असतील. एका पणतीने दुसरी लावली म्हणून पहिलीचे तेल कमी होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावयास नको. पुढच्या फाल्गुन-चैत्रात दिनदर्शिकेत तो रविवार दिसेल, तेव्हा गावातल्या त्या चार-दोन घरांपैकी एखाद्या घरी जावे आणि ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ म्हणावे. मराठीतच म्हणावे. उत्तरही मराठीतच येईल.